चिमटीत धरलेली पानं

परवा दुपारी एस्तेरनं वाचता वाचता पान उलटलं आणि मला आवाज जाड आला. एक पान उलटताना कागद नुसता उसासा सोडल्यासारखा वाजतो. हा आवाज तसा नव्हता, वाळलेलं पळसाचं पान मुडपावं तसा होता. मी उशीला टेकून पडले होते, डोळे मिटलेले. मिटलेले काय आणि उघडे काय, आता सारखंच. काचबिंदूनं गेल्या पावसाळ्यात उजवा डोळा नेला आणि संक्रांतीपर्यंत डावाही. एस्तेर माझी सून. माझा मुलगा गेल्यावरही ती इथंच, छावणीतल्या ह्या घरात माझ्याजवळ राहिली. रोज भांडी आवरली की हात पुसत येते, खुर्ची ओढते आणि मला अर्धा तास वाचून दाखवते. तिचा आवाज थांबला नाही, अडखळलाही नाही. उलट जरा जास्तच सरळ झाला, चोरी केलेल्या माणसाची चाल होते तसा.  अंगावरची चादर एकदम जड झाली आणि मला कळलं की हा आवाज मी आधी ऐकलेला आहे. ऐकलेला नाही, केलेला आहे. ह्याच पुस्तकात, ह्याच जागी, सत्तर वर्षांपूर्वी, माझ्या चिमटीत.

त्या पुस्तकाला छापलेलं नाव होतं, पण आम्ही बाया त्याला घागरीचं पुस्तक म्हणायचो. कुण्या साहेबानं फार जुन्या काळी त्याच्या देशात लिहिलेलं, मग मिशनमधल्या कुणीतरी मराठीत आणलेलं, तपकिरी पुठ्ठ्याचं. गोष्ट साधी. डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावर एक वाटसरू आपली घागर भरून घेतो. वर मालकाचं घर आहे, तिथं ती पोचवायची. वाट दिवसभराची, पण त्या पुस्तकातला दिवस म्हणजे सगळा जन्म. वाटेत उद्याबाई भेटते, ती म्हणते आज राहा, ऊन आहे. पुलावर निजसुरा पहारेकरी भेटतो, त्याच्या उशाला स्वतःची घागर कलंडलेली असते. एक मापाडी असतो, त्याची नजर सतत दुसऱ्यांच्या घागरीत किती पाणी उरलंय ह्यावर. लहान मुलालाही कळावं की हे सगळे म्हणजे आपणच. म्हणून तर भागूबाई ते वाचून घ्यायची. करमणुकीसाठी नाही, आत्म्याची वाढ व्हावी म्हणून, असं ती म्हणायची, आणि वाढ हा शब्द ती ताटात भाकरी वाढल्यासारखा म्हणायची.

भागूबाई आमच्याकडची बायबलबाई, वस्तीतल्या बायांना देवाचं सांगायला मिशननं नेमलेली. पांढरं लुगडं, काखेत काळी छत्री, उन्हातान्हात वस्त्या पालथ्या घालणारी. मी लग्न होऊन वैजापूरकडून इथं आले तेव्हा पोलीस ॲक्शनला, निजामाचं राज्य गेलं त्याला, पाच वर्षं झाली होती. बाया अजून काळ तसाच मोजत. अमक्याचं लेकरू ॲक्शनच्या आधीचं, तमकीचं लग्न ॲक्शननंतरचं. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे मी सातवी झालेली, आणि आमच्या खोल्यांच्या रांगेतल्या बायांत धडाधडा वाचणारी मी एकटीच. भागूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिनं पहिल्याच महिन्यात ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मंगळवारी दुपारी, मिशनच्या बंगल्याच्या मागच्या पडवीत, पंधरा-सोळा बाया. एका मंगळवारी एकच धडा, पण अख्खा. मध्येच सोडायचा नाही, आवडलं म्हणून पुढचा ओढायचा नाही. ती म्हणायची, "सारजा, खडे दाळीतले निवडावेत. पुस्तकातले नाय. पुस्तकातला खडा दाताखाली आलाच पायजे." मी सतरा वर्षांची. मला वाटायचं, हो, त्यात काय एवढं.

वाचून झालं की तिथली रीत अशी होती. भागूबाई एकेकीकडे तोंड करून विचारायची, आज तुझं माणूस कोणतं? म्हणजे आजच्या धड्यात तू कुठं आहेस. ज्या बाईला त्यात ती स्वतः दिसली तिनं ते सगळ्यांसमोर सांगायचं, का ते सांगायची सक्ती नाही. साळूबाई दर मंगळवारी तोच निजसुरा पहारेकरी सांगायची, तो त्या धड्यात असो नसो, आणि खरंच बसल्या बसल्या घोरायची. बाया म्हणत, साळूबाई मालकाच्या घरी पोचंल पण तिला उठवून आत न्यावं लागंल. एकदा भागूबाईनंच, कुणी न विचारता, खाली बघत सांगितलं होतं की आज मापाडी ती मी हाय. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी वाटसरूच सांगायची, आणि तेही मान ताठ करून. आता आठवलं की लाज वाटते. वाचणारी असल्यामुळे मला वाटत होतं की ती घागर माझ्याच डोक्यावर आहे.

मनकर्णाबाई खांबाला टेकून बसायची, सगळ्यांच्या मागं. उंच, हाडापेरानं मोठी, हात सोड्यानं पांढरे पडलेले. दवाखान्याची फडकी धुवायचं काम होतं तिला. तिची पाळी आली की ती दर वेळी एकच सांगायची. "माझं मानूस अजून यायचंय." पहिल्यांदा बायांना गंमत वाटली. मग सवय झाली. साळूबाई म्हणायची, मनकर्णे, तुझं मानूस येष्टीनं येतंय का पायी? ती हसायची पण उत्तर बदलायची नाही. आणि ती ऐकायची कशी, ते मी तेव्हा बघूनही बघितलं नव्हतं. बाकीच्या बाया माझ्या तोंडाकडे बघायच्या. ती माझ्या हाताकडे बघायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण पान भरलं की मी अंगठ्याला थुंकी लावते, कोपरा उचलते, हे सगळं ती धुणं मोजून घेणाऱ्या बाईसारखी बघत बसायची. किती राहिलं, अजून किती पानं राहिली, तेवढ्यात येईल का.

तिची खोली आमच्या रांगेत शेवटची, पलीकडे खाम नदीचा उतार. तिच्या मांडणीजवळ दोन घागरी असत. एक रोजच्या वापरातली. दुसरी तांब्याची, घासून लख्ख, पाण्यानं काठोकाठ भरलेली, वर फडकं. त्या दुसऱ्या घागरीतलं पाणी तिच्या घरात कुणी प्यायचं नाही. रोज सकाळी ती ते बाहेरच्या लिंबाला ओतायची आणि घागर पुन्हा नळावरून भरून आणायची. एकदा मी तिच्याकडे सीताफळं घेऊन गेले होते, दौलताबादकडून आलेली, आणि उचकी लागली म्हणून त्या घागरीला हात घातला. तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं. म्हणाली, ती नको, ती दुसऱ्याची हाय. मग मला बसवून, सीताफळाच्या बिया एका वाटीत टाकत टाकत, तिनं ते सांगितलं. एवढं एकदाच. मलाच का, ते मला माहीत नाही. बहुतेक मी वाचणारी होते म्हणून. तिला वाटलं असावं की वाचता येणाऱ्या माणसाला सांगितलेली गोष्ट कुठंतरी जागेवर लागते.

ॲक्शनच्या आधी तिच्या शेजारच्या खोलीत अमीनबी राहायची, गोधड्या शिवणारी, तिच्याच वयाची, एकटी. दोघी एका नळावर भांडायच्या आणि एका चुलीवर चहा करायच्या. ॲक्शनच्या आठवड्यात सगळ्या वस्तीनं दारं लावून घेतली होती. कोण कुणाला शोधतंय, कोण कुठं पळालं, काही कळत नव्हतं, आणि जे कळत होतं ते न कळण्यापेक्षा वाईट होतं. मनकर्णाबाईचा नवरा नाशिककडे कामाला. घरात ती आणि दोन लहान लेकरं. दिवस मावळताना दारावर थाप पडली. मनकर्णा, दरवाजा खोल गे. आवाज ओळखीचा, हळू, चहाला साखर मागावी तसा. ती उठली, कडीपर्यंत गेली, आणि धाकटं रडायला लागलं. तिनं त्याचं तोंड दाबलं आणि दाराला पाठ लावून खाली बसली. दुसरी थाप तिला पाठीत लागली. तिसरीही. मग नाही. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर ती तांब्याची घागर होती, भरलेली. अमीनबी पाण्याला आली होती की जीव वाचवायला आली होती, घागर देऊन कुठं निघाली होती, की घागर जड झाली म्हणून तिथंच ठेवून पळाली, ते कधीच कळलं नाही. अमीनबी पुन्हा कुणाला दिसली नाही. मनकर्णाबाई म्हणाली, "थाप पाठीत लागती अजून. दार न्हाय वाजत, पाठ वाजती." आणि बियांची वाटी घेऊन उठली.

मी दर सोमवारी दुसऱ्या दिवशीचा धडा घरी वाचून ठेवायची, अवघड शब्दांवर अडायला नको म्हणून. त्या सोमवारी, स्टोव्हवर कालवण ठेवून, मी तो धडा काढला. वाटसरू वर पोचतो. मालकाचं घर दिसतं. दार बंद. तो ठोठावतो. दार उघडत नाही. आणि आतून आवाज येतो की तुझ्या वाटेवरच्या एका घरात तू मुक्कामाला होतास, तेव्हा बाहेरून कुणी ठोठावलं होतं.  स्टोव्हचा फरफर आवाज मोठा होत गेला. पुढच्या ओळीत घागर हा शब्द दिसला आणि मी पुस्तक मिटलं. मिटलं ते खरं सांगायचं तर दयेनं की भीतीनं, मला तेव्हा ठरवावंसं वाटलं नाही. मला मनकर्णाबाईची पाठ दिसत होती, पडवीतल्या खांबाला लागलेली. पंधरा बायांच्या देखत, माझ्या तोंडून, तिला हे ऐकायला लागणार. ती इतके महिने आपल्या माणसाची वाट बघतेय आणि तिचं माणूस हे असं येणार, बंद दारासमोर. मी धडा कुठं संपतो ते फक्त मोजलं. चार पानं. त्यानंतरच्या धड्यात वाटसरू घराच्या आत होता, दिव्यांच्या उजेडात, पाय धुतलेले. मधलं काय झालं ते मी वाचलं नाही. त्या वयात मला वाटत होतं की वाईट गोष्टीची सुरुवात कळली की ती पुरती कळली.

आणि नेमकी त्या आठवड्यात भागूबाई नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनला जालन्याला गेली होती. ती असती तर तिनं ओळखलं असतं, ते पुस्तक तिला तोंडपाठ होतं. ती नसल्याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. मंगळवारी मी आधीच्या धड्याच्या शेवटच्या चार ओळी पुन्हा वाचल्या, वाटसरू चढ चढत होता, मग ती चार पानं चिमटीत एकत्र धरली आणि उलटली. कडक कागद. तो आवाज झाला. मी आवाजावर आवाज चढवून वाचायला लागले, दिवे, पाय धुणं, मालकानं घागरीतलं पाणी ओंजळीत घेणं. बाया सुखावल्या. साळूबाई जागी होती त्या दिवशी. ती म्हणाली, पोचलं बाई एकदाचं. मी वर बघितलं तेव्हा मनकर्णाबाई माझ्या हाताकडेच बघत होती. तिनं विचारलं, "एवढ्यात दार उघडलं?" मी म्हणाले, हो. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. त्या दिवशी भागूबाई नसल्यामुळे, तुझं माणूस कोणतं, हे मीच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. म्हणाले, उशीर झालाय, नळ येईल आता.

त्यानंतर पुस्तक तीन मंगळवारांत संपलं. शेवटचं पान वाचून मी पुस्तक मिटल्यावर कुणीतरी डोळे पुसले. भागूबाई परत आली होती, डोळ्यांना हिरवी पट्टी. तिनं एकेकीला विचारलं. मनकर्णाबाईची पाळी आली. ती उठून उभी राहिली. तिथं उठून कुणी बोलायचं नाही. म्हणाली, "संपलं? माझं मानूस आलंच नाय की." भागूबाईनं पट्टीसकट मान माझ्याकडे वळवली. तिला काही दिसत नव्हतं, पण मान बरोब्बर माझ्याकडे होती. तिनं विचारलं, सगळे धडे झाले ना गं? मी म्हणाले, झाले. आणि मनकर्णाबाई पडवीच्या पायऱ्या उतरून गेली. पुढच्या मंगळवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही दुसरं पुस्तक धरलं. साळूबाई म्हणाली, तिचं मानूस तिला रस्त्यात गाठ पडलं असंल. बाया हसल्या. मीही हसले असेन.

ती आजारी पडली ते दोन वर्षांनी. पोटात गाठ. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिला खाटेवर ओळखावं लागलं, हाडं तेवढी पूर्वीएवढीच मोठी होती. खाटेच्या पायथ्याला तिचा केसपेपर पाटीला अडकवलेला होता. मी बसले, उकडलेल्या अंड्याचं टरफल काढून दिलं, तिनं खाल्लं नाही. तिनं घागरीचं विचारलं, लेकी भरतात का रोज. मी सांगितलं, भरतात. मी काही बघितलं नव्हतं. मग छताकडे बघत ती म्हणाली, "सारजा, वाचन्यासारखं नसंल तर नको सांगू. पर लई वाईट लिवलंय का?" मी केसपेपरकडे बघितलं. डॉक्टरांचं अक्षर मला लागलं नाही, आणि लागलं असतं तरी मी तेच बोलले असते. म्हणाले, नाही हो, काही वाईट नाही, तुम्ही बऱ्या होणार. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी इतकी वर्षं आजारी माणसाची नजर समजत आले. चार दिवसांनी ती गेली. माती द्यायला आम्ही सगळ्या होतो. तिच्या लेकीनं लग्न झाल्यावर ती तांब्याची घागर पैठणला सासरी नेली, आणि तिकडं ती पाणी तापवायला लागली असं पुढं कळलं. बरोबरच आहे, तिला कोण सांगणार.

भागूबाई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. जाताना तिनं घागरीचं पुस्तक माझ्यासाठी ठेवलं. तिच्या भाचीनं आणून दिलं, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. आत खूण म्हणून लेसची एक पट्टी घातलेली होती. कुठल्या पानावर, ते बघितलं तसं मी पुस्तक ट्रंकेत तळाशी ठेवलं, लग्नाच्या लुगड्याखाली. तिला माहीत होतं. कधीपासून, ते मला माहीत नाही. तिनं एका शब्दानं विचारलं नाही, फक्त खूण ठेवली. पुढं मुलगा झाला, नवरा गेला, गाव वाढून शहर झालं, शहराचं नाव बदललं, छावणीतल्या चिंचा रस्त्यात गेल्या. दर उन्हाळ्यात ट्रंक उन्हात टाकायची वेळ आली की मी लुगडं झटकायची, डांबराच्या गोळ्या बदलायची आणि पुस्तकाला हात न लावता झाकण लावायची. चार पानं. मी सातवी झालेली बाई, पाच मिनिटांत वाचून काढली असती. पण वाचली तर मी तिला कशापासून वाचवलं ते कळेल, असं मी स्वतःला सांगायची, आणि खरी भीती ही होती की कशापासूनच वाचवलं नाही असं निघालं तर. मग डोळे गेले. आणि डोळे गेल्यावर पहिली हाव सुटली ती ह्याचीच. एस्तेरला म्हणाले, ट्रंकेतलं पुस्तक काढ, पहिल्यापासून वाच. तिला काहीच सांगितलं नाही. तिला वाटलं म्हातारीचं देवाधर्माचं मन झालंय. आम्ही अडीच महिन्यांत चढापर्यंत आलो. मी दिवस मोजत होते. आणि परवा तो आवाज आला.

परवा दुपारपासून मी ह्या अंधारात त्या आवाजाशेजारी पडून आहे. एस्तेरनं का गाळलं ते मला लगेच कळलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांची सासू, डॉक्टर म्हणालेत मनाला लावून घेऊ देऊ नका, आणि पुढच्या पानावर बंद दार. तिनं आधी एकटीनं चाळलं असणार, मी चाळायची तसं. तिच्यावर राग येईना. पण तिनं गाळलेलं तिथं काय असेल, ह्याचा विचार मी थांबवू शकले नाही. पहिल्या तासात मला वाटलं, दार उघडत नाही एवढंच असेल. संध्याकाळपर्यंत वाटायला लागलं की आतून शाप देत असतील. काल सकाळी तोंड धुताना वाटलं की त्यात माझंच नाव असेल, छापलेलं, म्हणून तिला वाचवेना. मी वाचणारी बाई, मला माहीत आहे की पुस्तकात असं नसतं, तरी मला हे वाटलं. आणि तोंडावर पाणी तसंच ठेवून मी मोरीत उभी राहिले. कारण मनकर्णाबाईला तर वाचता येत नव्हतं. तिनं पानं मोजली होती. माझ्या हाताकडे बघून तिनं एकाच्या जागी चार मोजली होती. तिचं माणूस त्या चार पानांत होतं हे तिला तेव्हाच कळलं असणार, आणि ते इतकं वाईट होतं की धडाधडा वाचणाऱ्या पोरीला ते तोंडातून काढवेना, हेही. दोन वर्षं ती त्या न वाचलेल्या पानांत जे जे लिहीत गेली असेल ते कुठल्या साहेबानं लिहिलं नसतं. दवाखान्यात तिनं केसपेपरचं विचारलंच नव्हतं. मी तिथं पायथ्याच्या कागदाकडे बघत होते आणि ती मला चार पानांचं विचारत होती, आणि मी तिला सांगितलं, तुम्ही बऱ्या होणार.

आज एस्तेर आली, खुर्ची ओढली, कालच्या पुढचं काढलं. मी म्हणाले, मागं जा. ती म्हणाली, कुठं मागं, आई? मी म्हणाले, लेसची खूण होती तिथं.  रस्त्यावरून भंगारवाला गेला. मग ती म्हणाली, "आई, ते नको. तुम्हाला त्रास होईल. मी तुमच्यासाठीच गाळलं." मी तिचा हात शोधला. भांड्यांच्या पावडरनं खरखरीत झालेला. म्हणाले, "मलाबी तसंच वाटलं होतं गं एकदा. वाच."

तिनं वाचलं. सुरुवात मला माहीत होती तशीच, ठोठावणं, आतला आवाज, वाटेवरचं घर. मग घागर हा शब्द आला, जिथं मी मिटलं होतं, आणि वाक्य पुढं गेलं. वाटसरूनं घागर खाली ठेवली आणि मागं वळला, तर दाराबाहेर लांब ओटा होता आणि त्यावर माणसं बसलेली होती. पुष्कळ. प्रत्येकाजवळ घागर, भरलेली. कधीतरी कुणीतरी ठोठावलं आणि ह्यांनी उघडलं नव्हतं, असे ते सगळे. कुणी भ्यायलेलं, कुणी आळसलेलं, कुणाच्या कडेवर मूल होतं म्हणून. ते एकमेकांना नावानं ओळखत होते. एका बाईनं सरकून जागा केली आणि म्हणाली, बस, पाठ टेक. कुणी वर चढून थकून आलं की ओट्यावरची माणसं आपल्या घागरीतलं पाणी त्याला देत, आणि तो आत जाई, आणि ही बाहेरच राहत. संध्याकाळी घरातून कुणीतरी दिवा आणून उंबऱ्यावर ठेवी. तो कोण, ते दिसत नसे. एवढंच. मग एका सकाळी वाटसरूला आत बोलावलं, का, कशासाठी, ते लिहिलेलं नाही. ओटा रिकामा झाला असंही लिहिलेलं नाही. दार सगळ्यांना उघडलं असं त्या चार पानांत कुठंही नाही. कडेवर मूल असलेली ती बाई शेवटच्या ओळीतही बाहेरच आहे, दिव्याच्या उजेडात, पाणी देत.

एस्तेर थांबली.  तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी वाईट होतं की जास्त, ते तिनं सांगितलं नाही. मी तिला मागं कधीतरी मंगळवारची रीत सांगितली होती, गमतीची म्हणून, साळूबाईच्या घोरण्यासकट. ती आठवून, मला बोलतं करावं म्हणून असेल, तिनं विचारलं, मग आई, ह्यात तुमचं माणूस कोणतं?

माझ्या तोंडात मनकर्णाबाईचं नाव आलं होतं. ही तिची जागा, तो ओटा, ती सरकून जागा करणारी बाई. तिला फक्त एवढं ऐकायचं होतं की अजून कुणी आहे. पण एस्तेरनं विचारलं होतं माझं. मी ओट्यावर एकेकाला चाचपून पाहिलं. तिथं प्रत्येकाजवळ भरलेली घागर होती. माझ्याजवळ नव्हती. माझ्याकडं चार पानं होती, ती मी कुणाला दिली नाहीत. एवढ्यात दार उघडलं? संपलं? लई वाईट लिवलंय का? तीन थापा. तिन्ही वेळा आवाज ओळखीचा होता, हळू होता, आणि मी आतून पाठ लावून बसले होते. वाटसरूच्या वाटेवर जे एक घर होतं, ज्याचं दार उघडलं नाही, त्या घरच्या माणसाला त्या पुस्तकात नाव नाही, ओट्यावर जागाही नाही.

मी एस्तेरला म्हणाले, सांगते. आधी पुन्हा वाच. मोठ्यानं वाच आणि सावकाश, एक एक पान. तिनं परत मागची पानं काढली. मी तिच्या हाताच्या दिशेनं तोंड केलं आणि मोजायला लागले.